थोरलीचा दात

४ जानेवारी, रविवार

रेणूचं ठरलं. मुलगा धुळ्याचा, बँकेत आहे, शेती सोनगीरला. वीस फेब्रुवारी निघाली, आदल्या दिवशी हळद, सगळं धुळ्यालाच.

पाहुणे गेले, मी कपबशा उचलत होते, तर कार्टी मागून येऊन गळ्यात पडली. लाडात आली की हिला काहीतरी हवं असतं, हे मी तिच्या तिसऱ्या वर्षापासून बघतेय.

"मम्मी, आई-पप्पांच्या लग्नाची कॅसेट शोभामावशीकडे सापडली. हळदीला मोठ्या स्क्रीनवर लावू या? पण खूप खराब झालीय म्हणे. ते एआयने साफ करतात ना, तसं करून दे ना. तुझ्याइतकं कोणाला जमणार?"

आई म्हणजे थोरली. मम्मी म्हणजे मी. रेणू तीन वर्षांची असताना मी या घरात आले, तेव्हापासून ही वाटणी आहे.

म्हटलं, करते की, त्यात काय. एक बशी फुटली. हात ओला होता.

५ जानेवारी

हे शूटिंग करतात, मी कॉम्प्युटरवर बसते. जळगावातली न् धुळ्यातली किती लग्नं मी कापली-जोडली, देव जाणे. कोणाचे रुसवे काढून टाकले, कोणाच्या काळ्या मावशीला उजळ केलं. पण या व्हिडिओवाल्याच्या बायकोच्या लग्नाचा व्हिडिओ नाही! दुसरेपणावर दिलेली मी. यावलच्या देवळात पंधरा माणसं, भटजींना पुढचं लग्न गाठायचं होतं, अक्षतांना तांदळाची कणी. हे म्हणाले, "आता परत कॅमेरा कशाला?" परत! माझं पहिलंच होतं ना ते.

कॅमेरा नव्हता, पण गळ्यात टाक मात्र त्याच दिवशी पडला. चांदीचा, नखाएवढा, मेलेल्या थोरलीच्या नावाचा. नवी साडी आणली की आधी त्या टाकाला दाखवायची, मग मी नेसायची. सासूबाईंनी लावून दिलेलं वळण. टाकावरचं तोंड आता घासून गुळगुळीत झालंय, नाकडोळे काही नाहीत. एवढी वर्षं तेच बरं वाटत होतं.

९ जाने.

फाइल आली. धुळ्यात एकाकडून शोभामावशीने कॅसेट उतरवून घेतली. बरोबर फोनही. "आमच्या ताईचं तेज बघा हं वैनी, जपून करा."

तेज कसलं. चित्रभर दाणेच दाणे. हॅलोजनने सगळं पांढरं, शालूचा लाल रंग बाहेर ओघळलेला. तोंडाच्या जागी गुलाबी ठिपका आणि त्याला मुंडावळ्या. खरं सांगते, बघून जीव भांड्यात पडला. म्हटलं, यातून काय निघणार आहे? करू नाटक चार दिवस, सांगू रेणूला, नाही जमलं बाई.

भिंतीवर एक फोटो आहे तिचा. तोही पासपोर्टवरून मोठा करून फोटोवाल्याने रंगवलेला, ओठ घट्ट मिटलेले. म्हणजे धड चेहरा कोणीच पाहिला नाही, ना रेणूने, ना मी.

१२ जाने.

निघालं. सॉफ्टवेअरमध्ये नॉइजची पट्टी असते, जितकी उजवीकडे ओढू तितके दाणे कमी. अर्ध्यावर नेली आणि पहिल्यांदा बांगड्या दिसल्या. मग मेंदी. मग यांचा हात, मग हे. तिशीच्या आतले, डोक्यावर केस भरपूर.

हे तिच्याकडे बघतायत. भटजी काहीतरी सांगतोय, हे भटजीचं ऐकतच नाहीत, तिरपं तिच्याकडे बघतायत आणि ती तोंडावर हात धरून हसतेय. लग्नात हसते! आमच्याकडे एवढी हसली असती तर माझ्या आईने चिमटा काढला असता.

मी तो तुकडा परत लावला. आणि परत. असं माझ्याकडे कधी बघितलंय का यांनी? आठवून बघितलं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर पट्टी सोडली तेव्हा, पण तेव्हा कोणीही समोर असतं तरी तसंच बघितलं असतं.

जळते मी. इथे लिहायला काय हरकत, मेलेल्या बाईवर जळते.

१३ जाने.

आज गंमत झाली. रागाने पट्टी पार उजवीकडे नेली. रेंडर झाल्यावर मंगलाष्टकांपाशी आले तर अक्षता गायब! सॉफ्टवेअरला काय कळतंय, उडणारे तांदूळ म्हणजे त्याला दाणेच, पुसून टाकले सगळे. मांडवभर लोक हात वर करून नुसती हवा फेकतायत. भटजी सावधान म्हणतोय आणि दोघांच्या डोक्यावर एक कण नाही.

एकटीच हसत सुटले. अक्षताच नाहीत म्हणजे लग्न लागलंच नाही की! म्हणजे माझं पहिलं. चहा करून प्यायले, जास्त साखर घालून. फाइल तशीच ठेवली.

१४ जाने., संक्रांत

हळदीकुंकवाला शेजारच्या बायका. रेणूही धुळ्याहून आलेली, तिथल्याच नोकरीत असते. तिने सगळ्यांना सांगून टाकलं, आईचा व्हिडिओ येणार म्हणून. सगळ्या माझ्याकडे बघतात. "वैनी, धन्य आहे हो तुमची. दुसरी असती तर..." दुसरीच आहे मी, म्हटलं. हसल्या.

तीळगूळ घ्या, गोड बोला. बोलतेय.

१७ जाने.

चेहरा अजून नीट नव्हता. मग ते चेहरा सुधारायचं बटण दाबलं. हे वेगळंच प्रकरण आहे. जिथे काही दिसत नाही तिथे ते स्वतःच्या मनाने नाक, डोळे, दात बसवतं. गुलाबी ठिपक्यातून एक बाई बाहेर आली. काय सांगू, गोरीपान, रेखीव, दात मोत्यासारखे, एका ओळीत. जाहिरातीतली.

मला वाटलं होतं, बाहुलीसारखी दिसेल, रेणूला नाही आवडणार. मुद्दाम तोच तुकडा मोबाइलवर पाठवला. लगेच फोन, आणि फोनवर रडणं. "मम्मी, किती सुंदर होती गं आई! मी तिच्यावर का नाही गेले?"

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आता थोरली नुसती थोरली नाही, अप्सरा झाली आणि ती मी माझ्या हाताने केली. रेणूच्या व्हॉट्सॲपवर आता तोच फोटो आहे. इतकी वर्षं तिथे आम्हा दोघींचा होता, मेहरूणच्या तलावावरचा.

१८ जाने.

यांना दाखवलं. उभ्यानेच बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. म्हणाले, "छान झालंय." आणि लेन्स पुसायला घेतली, जी सकाळीच पुसली होती.

छान म्हणजे काय? विचारलं नाही.

मग सासूबाईंना दाखवलं. मोबाइल नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "हाई कोन शे वं?"

"अहो, थोरली. तुमची सून."

"ती नही शे हाई. कोन्ही दुसरीच शे."

रेणू फोनवर होती, तिला सांगितलं तर म्हणाली, आजीचे डोळे गेलेत. गेलेत खरे. पण पोळीवरचा केस त्यांना बरोब्बर दिसतो.

२० जाने.

सासूबाईंचं बोलणं डोक्यातून जाईना. म्हणून मूळ फाइल परत उघडली, काही न पुसलेली. ती हसते तो तुकडा घेतला, हात तोंडावर जायच्या आधीचा, आणि एकेक फ्रेम पुढे सरकवली.

दाणे प्रत्येक फ्रेमला जागा बदलतात. नुसते नाचत असतात. पण वरच्या ओठाखाली, डाव्या बाजूला, एक पांढरा तुकडा होता तो जागचा हलत नव्हता. मान वळली की तोही वळत होता. जे हलत नाही ते खरं, एवढं मला या धंद्याने शिकवलंय.

दात. दातावर आलेला दात. सॉफ्टवेअरने कचरा समजून पुसला आणि तिथे मोती बसवले. म्हणून ती हसताना तोंडावर हात धरत होती.

खुर्चीत मागे टेकले. हा दात मला माहीत आहे. अगदी हाच, याच बाजूचा. रेणूचा.

२१ जाने.

रेणू सातवीत असताना शाळेत पोरं तिला चिडवायची. हसायचीच बंद झाली होती. मीच तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं, मीच दर महिन्याला स्कूटीवर मागे बसवून नेऊन आणलं. आधी वरचा दात काढला, मग तारा लावल्या. आठवीनंतर सगळे दात सरळ. बायका म्हणायच्या, सावत्र असून किती करते. मला ते ऐकायला आवडायचं, का नाही आवडणार?

तेव्हा हे एकच वाक्य बोलले होते. "राहू दे ना दात. काय वाईट दिसतो?" मी तणतणले होते, तुम्हाला काय कळतं, मुलीची जात आहे. परत तोंड उघडलं नाही यांनी.

आज कळलं, का राहू दे म्हणत होते. पोरीच्या तोंडात ती होती. रोज जेवताना समोर बसून हे तिला बघत होते आणि मी बावळट, ताटात वाढत होते.

मसाल्याचा डबा आपटला. सासूबाई म्हणाल्या, "काय झाये?" म्हटलं, मिरची उडाली.

२५ जाने.

असोद्याहून यांच्या मित्राने वांगी पाठवली. मळ्यात नाही तर घरीच, पण भरीत केलं, कळण्याची भाकरी. सगळे बोटं चाटत होते. तेवढ्यात मी विचारलं. ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

"थोरलीला दातावर दात होता ना?"

यांनी घास खाली ठेवला. "हो."

"मग व्हिडिओ दाखवला तेव्हा बोलला का नाहीत?"

"मला वाटलं तूच काढलास."

म्हणजे मुद्दाम! यांना वाटलं मी मुद्दाम काढला! आणि तरी म्हणाले, छान झालंय. भांडायला तोंड उघडलं आणि त्यात भाकरी कोंबली. कारण अक्षता मी काढल्याच होत्या ना. म्हणजे काढल्या नाहीत, गेल्या होत्या, पण ठेवल्या तशाच.

"रेणूच्या दाताच्या वेळी तरी सांगायचं."

"काय सांगायचं?" हळूच म्हणाले. "तुला तिचं नाव निघालेलं चालत नाही."

मला चालत नाही? वीसेक वर्षं तिला गळ्यात घालून फिरतेय मी! असं ओरडले की सासूबाई उठून आत गेल्या. भरीत उरलं. भरीत कधी उरत नाही.

३० जाने.

दोन फाइली केल्या.

एकीत जाहिरातीतली बाई. हीच रेणूला माहीत आहे, हीच तिला हवीय. मांडवात सगळे वा वा करतील. कोणाला दात आठवणार आहे? शोभामावशीला आठवेल, पण ती आपल्या ताईच्या तेजापुढे बोलायची नाही.

दुसरीत चेहऱ्याचं बटण बंद. पट्टी पावभर. दाणे राहतात, नाक जरा पसरट, रंग सावळा. अक्षता आहेत. दात आहे.

दुसरी दाखवली की रेणू तिच्यात स्वतःला बघणार. मग आरशात बघणार. मग विचारणार, तो दात कुठे गेला. आणि तो मी काढवला.

पहिली दाखवली तर अप्सरा कायमची घरात. अप्सरेशी माझं काय भांडण? ती तर कोणीच नाही. ती रेणूची काहीच लागत नाही. तिच्यावर जळायचीसुद्धा गरज नाही. सरळ पहिली द्यावी, सगळ्यांचं भलं.

पण मग मला रोज चुकल्यासारखं का होतंय कोण जाणे.

६ फेब्रु.

साड्या आणल्या. रेणूचा शालू, माझी जांभळी पैठणी. सवयीने टाकापुढे धरली. धरली आणि हातच थांबला. आजपर्यंत ज्या तोंडाला साड्या दाखवल्या त्याला नाकडोळे नव्हते. आज पहिल्यांदा दात आठवला. सावळी, हसरी, माझ्यापेक्षा बुटकी. लाल रंग शोभायचा तिला. जांभळा नसता शोभला.

"मला शोभतो," असं मोठ्याने म्हणाले. रेणू म्हणाली, "कोणाशी बोलतेस?"

११ फेब्रु.

रेणूचा रोज फोन. "मम्मी, पेन ड्राइव्ह तयार ना? मी आता परत बघणार नाही हं, हळदीलाच बघणार." कधी नव्हे ते शोभामावशीही गोड बोलते. हे काही विचारत नाहीत. एकदा कॉम्प्युटरच्या मागे येऊन उभे राहिले, मी स्क्रीन बंद केली, ते गेले.

वाटतं, रेणूला आधीच फोन करून सांगावं. तीनदा मोबाइल घेतला हातात. तिसऱ्यांदा लागलाही. "काय गं मम्मी?" म्हटलं, मेंदीवाली किती वाजता येणार?

१९ फेब्रु., धुळे

हळद. कार्यालय मोठं आहे, आवाज घुमतो. सकाळपासून पायाला भिंगरी. पेन ड्राइव्हवर दोन्ही फाइली होत्या.

स्क्रीनवाल्या माणसाने विचारलं, "वैनी, यातली कोणती?" रेणू समोरच बसलेली, हळदीने पिवळी, तोंडावर हात धरून मैत्रिणींशी हसत होती. दात सरळ होऊन इतकी वर्षं झाली तरी हात तोंडावर जातोच. आज नव्याने बघितलं ते.

म्हटलं, दुसरी.

सुरू झाली. पहिल्या मिनिटाला कोणीतरी म्हणालं, साफ नीट नाही केलं. मग मंगलाष्टकं, अक्षता, सगळ्या जिथल्या तिथे. आणि मग ती हसली. शोभामावशी किंचाळलीच, "अगं बाई, ताईचा दात!" आणि रडायला लागली. सासूबाईंनी मान डोलावली. "हाई शे," एवढंच. यांनी तर तोंडच फिरवलं.

मी रेणूकडे बघत होते. ती रडली नाही. जीभ वरच्या दातांवरून फिरवत होती, डाव्या बाजूला. मग मान वळवली आणि गर्दीत कोणाला तरी शोधायला लागली. मी खांबामागे होते. पुढे गेले नाही.

२० फेब्रु.

लग्न लागलं. माझ्यापाशी दोनदा आली, एकदा पिन मागायला, एकदा पाठवणीच्या वेळी. गळ्यात पडली, पण लाडात नव्हे. गाडीत बसताना "मम्मी, येते" म्हणाली, सगळ्यांदेखत. डोळे दुसरीकडे.

२६ फेब्रु., जळगाव

आठवडा होत आला. रेणू फोन यांना करते, मग हे मला देतात. मी म्हणते, "जेवलीस का? सासू कशी आहे?" सगळं बरं. तिच्या व्हॉट्सॲपवरचा अप्सरेचा फोटो गेलाय. त्या जागी नवराबायको दोघं, असंच असतं लग्न झाल्यावर.

माझा राग कोणावर आहे तेच कळेना. थोरलीवर नाही आता. दाताबद्दल तिच्यावर कोण रागावणार.

हे आज म्हणाले, "बरं केलंस." मी कुकर लावत होते. म्हटलं, काय बरं केलं, पोरगी गेली ना. हे बसून राहिले ओट्यापाशी, शिट्ट्या होईपर्यंत.

२ मार्च

रेणूचा फोन. सरळ मला.

"मम्मी, तारा लावायच्या आधीचं माझं काही शूटिंग आहे का गं?"

बघते, म्हटलं.

"दात दिसला पाहिजे."

"बघते म्हटलं ना."

"का काढला?" असं ती विचारेल म्हणून मी उत्तर जुळवत होते. पोरं चिडवायची, तू हसत नव्हतीस, सगळं खरंच होतं. तिने विचारलंच नाही. म्हणाली, "ठेवते, सासूबाई हाक मारतायत."

३ मार्च

जुनी हार्ड डिस्क काढली. एकच सापडलं. तिच्या सातवीच्या गॅदरिंगचं. हे त्या दिवशी भुसावळला लग्नात होते, म्हणून छोटा कॅमेरा घेऊन मीच गेले होते. आयुष्यात पहिल्यांदा मी काढलेलं शूटिंग. हात थरथरतोय, उजेड नाही, दाण्यांचा नुसता पाऊस.

स्टेजच्या कडेला उभी आहे, नऊवारी, नथ वाकडी. कोणीतरी काहीतरी म्हणतं आणि ती हसते. हात तोंडाकडे जातो, आणि मग मी दिसते तिला. हात खाली येतो. सगळे दात दाखवून हसते, तो दातसुद्धा, आणि बघते. कॅमेऱ्याकडे नाही. कॅमेऱ्याच्या वर, जिथे माझं तोंड असणार.

कितीदा लावला ते लिहीत नाही.

तिने मागितलाय तो दात. तो तिच्या आईचा आहे, तिला द्यायलाच हवा. पण त्या मिनिटात बाकी जे आहे ते माझं आहे. ते तिला दिसेल का, कोण सांगणार? मीही आज बघितलं.

चेहऱ्याच्या बटणाला हात लावला नाही. पट्टी जरा उजवीकडे नेली, परत आणली. फाइल जोडून ठेवलीय तिच्या नावापुढे. खाली काय लिहू ते सुचत नाहीये. "घे" लिहिलं, खोडलं. "हसतेस बघ" लिहिलं, खोडलं.

हे विचारतायत, जेवायला वाढतेस का. म्हटलं, आले.